नवाबचे साठ दिवस

माझ्या लग्नाला आठ वर्षं झाली तोवर माझी तपासणी किती जणांनी केली हे सांगायला बसले, तर दोन्ही हातांची बोटं पुरायची नाहीत. नगरच्या डॉक्टरीणबाई, श्रीरामपूरचे एक वैद्य, पाथर्डीकडचे अंगारावाले बाबा, जामखेडची माझी चुलत आजी. एकदा तर एका कल्हईवाल्याच्या बायकोनं माझं पोट चाचपलं, कारण तिच्या हाताला गुण आहे असं माझ्या सासूबाईंच्या कानावर आलं होतं. गळ्यात तीन ताईत, दंडाला एक, आणि दर सोमवारी दिवे लागेपर्यंत उपास. सोमवार सासूबाईही धरायच्या. नातवासाठी माझ्याबरोबर त्याही उपाशी राहायच्या, त्यामुळे मला धड भांडताही यायचं नाही.

त्याच आठ वर्षांत माझ्या नवऱ्याची तपासणी एकदाही झाली नाही. आणि माझा नवरा कोण? गुरांचा डॉक्टर. त्यातही कृत्रिम रेतन केंद्राचा. म्हणजे ऊन पाणी भरलेल्या रबरी नळीत वळूचं वीर्य काढायचं, दुर्बिणीखाली बघायचं, चांगलं निघालं तर पंचक्रोशीतल्या गायींना भरायचं, हाच यांचा पोटापाण्याचा धंदा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो मी आठ वर्षं रोज बघत होते.

केंद्र गोदावरीच्या काठी, पुणतांब्याच्या थोडं अलीकडे होतं. वळूचा गोठा, गाय उभी करायचा लाकडी खोडा, पत्र्याच्या छपराची तपासणीची खोली आणि लिंबाखाली आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर. वळू एकच होता, जर्सी. सरकारी कागदावर त्याला नंबर होता, पण त्याला सांभाळणारे बाबाजान त्याला नवाब म्हणायचे, आणि मग सगळेच म्हणायला लागले. बाबाजानांचा जन्म गुरांत गेलेला. त्यांची मुलं कामाधंद्याला लांब निघून गेली होती आणि सगळी माया त्या नवाबवर होती.

लिंबाखाली सकाळी शेतकरी आपापल्या गायी घेऊन यायचे, आणि हे त्यांना रोज तेच सांगायचे. मला पाठ झालं होतं. "गाय उलटली, गाभण राहिली नाही, की तिच्या नावानं खडे फोडू नका. आधी नर तपासा. निम्म्या वेळा दोष नराचा असतो." हे ऐकू आलं की माझ्या हातातली भाकरी परातीत अशी काही थापली जायची, की सासूबाई आतून विचारायच्या, "परात फोडती का काय?"

यांना शिकवायची भारी हौस. बन्सी नावाचा एक शेतकरी होता, त्याची गाय सारखी उलटायची, म्हणून तो नेहमीचा श्रोता. एकदा हे त्याला सांगत होते, "देवानं नराचं ते बाहेर का टांगलं? शोभेला नव्हे. ते अंगापेक्षा गार राहावं लागतं. थंडी पडली की आत ओढून घेतो, ऊन झालं की खाली सोडतो, विहिरीतल्या पोहऱ्यासारखं. गरम झालं की आतले जंतू मेले म्हणून समज. आणि आज बाटलीत पडतं ते आजचं नसतं बरं का. ते तयार व्हायला दोन महिने लागतात. साठ दिवस."

बन्सी म्हणाला, "मंग माशाचं कसं वो डाक्टर? त्याचं तर काईच बाहेर दिसत न्हाई."

"माशाचं सोड. पण देवमासा आहे ना, तो खरा मासाच नव्हे. पिलाला दूध पाजतो, अंग आपल्यासारखं गरम. आणि त्याचं मात्र पोटात असतं. त्या उबेत ते कसं टिकतं, ते माझ्या पुस्तकात दिलेलं नाही."

नगर जिल्ह्यात समुद्र नाही. देवमाशाच्या पोटात काय असतं याची चिंता यांना होती. घरातल्या माणसाचं काय, ते विचारायची सोय नव्हती. सासूबाई दारात बसून हे सगळं ऐकायच्या. वळूचं वीर्य काढायच्या वेळी त्या खिडक्या लावून घ्यायच्या, पण लिंबाखालचं व्याख्यान त्यांनी कधी चुकवलं नाही.

मी सातवी पास, अक्षर बरं. बाबाजानांना लिहिता येत नसे, म्हणून केंद्राच्या वहीत नोंद मीच करायची. हे दुर्बिणीला डोळा लावून सांगायचे, मी लिहायची. रंग, घट्टपणा, हालचाल. कधी खुशीत असले की मलाही बघू द्यायचे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी दचकून मागे सरकले होते. आधणाचं पाणी खदखदतं तसं सगळं फिरत होतं, ढगाचे लोट एकावर एक. त्या एका थेंबात केवढी घाई होती. मला वाटलं, एवढ्यातला एक तरी आपल्याकडे वाट चुकून यायला काय हरकत होती.

एकाहत्तर सालच्या पौषात थंडी जोरात पडली. नवाब दोन-तीन दिवस सर्दीनं ढासला. यांनी औषध दिलं आणि म्हणाले, तो थंड मुलखातला आहे, त्याला ही थंडी म्हणजे काहीच नाही. उन्हाळा असता तर हे ओलं गोणपाट घेऊन हिंडले असते त्याच्यामागे. पण थंडीत काय काळजी? तिथंच चुकलं.

माघ निम्मा झाला आणि वहीत 'उत्तम'चं 'मध्यम' झालं. मग 'कमी'. फाल्गुन लागला तेव्हा दुर्बिणीखाली निम्मे मेलेले, उरलेले जागच्या जागी थरथरणारे. यांनी आधी बाटल्यांवर संशय घेतला, मग साबणावर, मग पेंडीवर, मग कालव्याच्या पाण्यावर. बाटल्या मी तीन-तीनदा उकळल्या. घरातही बोलायची सोय राहिली नाही. आमटीत मीठ जास्त झालं तरी हे असं बघायचे, की नवाबला मीच काहीतरी खाऊ घातलंय.

गायी पटापट उलटायला लागल्या. बन्सी तिसऱ्यांदा आला तेव्हा दावं हातातच गुंडाळून आला.

"डाक्टर, ही गाय लई खट हाय. भाकड निगाली. बाजार दाखवतो हिला."

"बन्सी, गायीला दोष देऊ नको. मी तुला सांगितलंय."

"मंग कुनाला देऊ?"

यांनी वही मिटली. वळू निकामी ठरला तर वरून कागद येणार होता आणि नवाबला ट्रकमध्ये चढवून कुठं नेणार, हे बाबाजानांनाही माहीत होतं. त्यांनी त्या दिवशी जेवणाचा डबा उघडला नाही.

आणि याच दिवसांत सासूबाईंनी माझा निकाल लावायचं काढलं. त्यांच्या मावसबहिणीच्या पुतण्याची मुलगी होती, राहुरीकडची. "पोर चांगली हाय. घरात पाच भाऊ," असं म्हणाल्या. पाच भाऊ म्हणजे वंशाची हमी. हे जेवत होते. घास गिळून म्हणाले, "आई, सरकारी नोकरी आहे. एक बायको असताना दुसरी केली तर नोकरी जाते."

मी दारामागे उभी होते. पुढचं वाक्य ऐकायला मी थांबले. 'आणि मला दुसरी नको आहे,' एवढं तरी. पुढचं वाक्य आलंच नाही. यांनी ताक मागितलं.

"मंग हिची काडीमोड कर, कानिफ," सासूबाई म्हणाल्या. "जामखेडला ठेवून ये. तिच्या बापाला मी सांगते. वैशाखात पावनं बोलावू."

ताकाचं भांडं मी यांच्यापुढं आपटलं नाही, ठेवलं. आपटायला हवं होतं.

फाल्गुनातल्या एका पहाटे मी अंगण सारवायला शेण आणायला गोठ्यात गेले. आत लाल उजेड दिसला. बाबाजान नवाबच्या मागच्या पायांशी उकिडवे बसले होते, शेजारी शेगडी. तव्यावर वाळूची फडक्यातली पुरचुंडी तापत ठेवलेली. ती उचलून, आपल्या गालाला लावून बघून, ते हळूहळू नवाबला शेक देत होते. जिथं देऊ नये तिथंच. नवाब डोळे मिटून उभा. मला लिंबाखालचं सगळं व्याख्यान एकदम आठवलं.

"बाबाजान! हे काय चाललंय?"

"सर्दी बसली हुती ना त्याला, बाईसाहेब. घरातल्या मांजींनी सांगितलं, रोज पहाटे खाली शेक दे, म्हणजे सर्दी उतरत न्हाई तिथं. पौषापास्नं देतो. एक दिस चुकवला न्हाई."

एक दिवस चुकवला नाही! मला हसावं की कपाळ बडवावं कळेना. महिनाभर आम्ही बाटल्या उकळत होतो, पेंड बदलत होतो, आणि हा भला माणूस आपल्या हातानं, अगदी गालाला लावून बघून, रोज पहाटे सगळं मारत होता.

मी यांना उठवलं. हे धावत आले ते बनियनवरच. तोवर उजाडलं होतं आणि बन्सी गाय घेऊन दारात येऊन उभा होता. बाबाजान पुरचुंडी हातात धरून उभे होते. हे त्यांच्यावर असे ओरडले की लिंबावरचे कावळे उडाले. सासूबाई डोक्यावर पदर घेत बाहेर आल्या.

"त्येला कशाला बोलतो? मी सांगितलं त्येला."

"आई! तिथं शेक देतात का कुणी? उबेनं मरतं ते सगळं!"

"तुज्या त्या रबरी नळीत बी ऊन पानीच घालतो की तू. तवा मरत न्हाई व्हय?"

"ते काढताना, आई. दोन मिनिटं. तयार होतं तिथं गार लागतं."

"देवमाशाचं पोटात असतंय म्हनालास ना? पोटात ऊब न्हाई? त्येला चालतंय, आन् ह्येला न्हाई?"

बन्सीनं मान डोलावली. प्रश्न बरोबर होता. यांनी केसांत हात घातले. "आई, देवमासा समुद्रात असतो. हा गोठ्यात आहे. तू कशात पडू नको, पाया पडतो तुझ्या. या शेकानं नर वांझ होतो, कळतंय का तुला?"

"काय वांझ हुतो?" सासूबाईंचा आवाज चढला. "मला शिकवतो का? तू पंधरा वर्साचा असताना तुला गालगुंड झालं, ते खाली उतरलं. पेरवाएवढं सुजलं हुतं. दोन्ही बाजूंनी. वरडत हुतास गुरावानी. कुनी दिला शेक? म्या दिला. आठ दिस, रात्रंदिस, हीच वाळू, हीच पुरचुंडी. उतरलं का न्हाई? काय झालं तुला? काय बी झालं न्हाई!"

बन्सीची गाय एकदा हंबरली. बन्सी दाव्याकडे बघत होता, बाबाजान जमिनीकडे. हे माझ्याकडे बघत नव्हते. सासूबाईंनी सगळ्यांकडे बघितलं, त्यांना वाटलं आपण वाद जिंकला, आणि त्या चहा टाकायला आत गेल्या.

मी शेणाची पाटी उचलली आणि अंगण सारवलं. हात चालत होते म्हणून बरं. गालगुंड. आठ वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. ताईत देणाऱ्या बाबानं माझ्या आजोळच्या सात पिढ्यांची माहिती विचारली होती.

बाबाजानांवर यांनी तक्रारीचा कागद केला नाही. केला असता तर आईचं नाव घालावं लागलं असतं. नवाबला साठ दिवसांची विश्रांती दिली, वर कळवलं की वळू आजारी आहे, वैशाखात पुन्हा तपासू. बन्सीला म्हणाले, दोन महिने गाय विकू नको. बन्सी गेला, पण जाताना माझ्याकडे एकदा बघून गेला. खेड्यातली माणसं न बोलता पुष्कळ बोलतात.

त्या संध्याकाळी मी यांना म्हणाले, "नवाबचं बघितलंत. आता एकदा स्वतःचं बघा."

"काय बोलतेस तू? मी काय वळू आहे?"

"वळूनं निदान कधी नाही म्हटलं नाही."

हे ताट सोडून उठले. सासूबाईंनी मला विचारलं, काय बोललीस त्येला, आणि मी म्हणाले, आमटीत मीठ जास्त झालंय.

मग मी ठरवलं. नवाबला साठ दिवस, तर यांनाही साठ दिवस. त्या साठ दिवसांत मी एक शब्द काढणार नाही. आमच्या दोघींचे आठ सोमवार त्यात जातील, जाऊ देत.

ते दोन महिने नवाबची बडदास्त बघण्यासारखी होती. चैत्र तापला तसं गोठ्यावर उसाचं पाचट टाकलं, त्यावर दिवसातून चार वेळा पाणी. दुपारी मागच्या बाजूला ओलं गोणपाट. बाबाजान आता कालव्याचं गार पाणी बादलीनं आणायचे आणि ओतण्याआधी स्वतःच्या गालाला लावून बघायचे. चूक जशी मायेनं केली, तसंच प्रायश्चित्तही. हे गोठ्यात जास्त राहायचे, घरात कमी. माझ्यासमोर आले की काहीतरी शोधायला लागायचे, पेन, चष्मा, काहीही.

सासूबाईंनी इकडे पाहुण्यांचा दिवस ठरवला. वैशाखातला सोमवार, दुपारच्या एसटीनं. माझ्या बापाला पत्र गेलं होतं. माझ्या ट्रंकेवरची धूळ सासूबाईंनी स्वतः पुसून ठेवली. हे सगळं बघत होते. 'नको' हा दोन अक्षरांचा शब्द; गायीला इंजेक्शन द्यायला जेवढा वेळ लागतो त्याहून कमी लागतो. पण नाही.

त्याच सोमवारी सकाळी नवाबचे साठ दिवस पुरे झाले. वीर्य काढलं. हे तपासणीच्या खोलीत गेले आणि जरा वेळानं आतून ओरडले, "अगं, ये लवकर!" मी हातातलं काम टाकून गेले. यांचा चेहरा लहान पोरासारखा झाला होता. "बघ, बघ."

मी डोळा लावला. ढग परत आले होते. लोटावर लोट, खदखद, तीच घाई. बाबाजान दारात उभे होते, त्यांना मी म्हणाले, "आहे हो, सगळं जिवंत आहे." ते खाली बसले आणि टोपी काढून तोंडावर धरून रडले. मग उठून नवाबला सांगायला गेले.

वहीत मी 'उत्तम' लिहिलं. पेन खाली ठेवलं आणि दार आतून लावलं.

"साठ दिवस झाले," मी म्हणाले. "त्याला दिले तेवढे तुम्हालाही दिले. दुपारी पाहुणे येतील. त्याआधी मला बघायचंय."

"मनकर्णे, काय हे."

"आठ वर्षं सगळ्या जगानं माझ्यात बघितलं. मी एकदाच बघीन म्हणते. मी बाहेर थांबते."

मी बाहेर जाऊन दाराला पाठ लावून उभी राहिले. ऊन चढलं होतं. घरातून सासूबाईंच्या शेवया भाजल्याचा वास येत होता, पाहुण्यांच्या खिरीच्या. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मला सारखं वाटत होतं की हे मागच्या खिडकीतून निघून गेले असतील. मग कडी वाजली.

हे दुर्बिणीपासून लांब, भिंतीशी उभे होते. मला म्हणाले, "तू बघ. मी बघितलं."

मी वाकले. आधी वाटलं, काच नीट बसली नाही, म्हणून नवाबच्या वेळी शिकवलं होतं तशी खालची फिरकी फिरवली. स्वच्छ. अगदी स्वच्छ गोल पाणी, पौर्णिमेच्या रात्री रिकाम्या अंगणात चांदणं पडतं तसं. एका कडेला दोन ठिपके होते. ते हलत नव्हते. कदाचित धूळ असेल.

मला वाटलं होतं, त्या क्षणी मला जिंकल्यासारखं वाटेल. आठ वर्षं मी त्या क्षणाची वाट बघत होते. पण मला रडूच आलं. दोष माझा नव्हता हे कळलं, आणि त्याच काचेत हेही कळलं की आता कधीच नाही. दर सोमवारी उपाशी पोटी जी एवढीशी आशा असायची, ती त्या काचेवर पुसून गेली.

"हे तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"ठाऊक नव्हतं."

"खरं सांगा."

हे चष्मा पुसत बसले. "शंका होती. गालगुंड खाली उतरलं तर असं होतं, हे वाचलं होतं मी."

"कधी वाचलं?"

"लग्नानंतर दुसऱ्या वर्षी."

सहा वर्षं! मी मनात मोजायला लागले आणि सोडून दिलं. कल्हईवाल्याच्या बायकोचे खरखरीत हात तेवढे आठवले. यांना तेव्हा शंका होती. त्या बाईकडे जायला मी गाडीत बसले तेव्हा यांनी मला पाण्याची बाटली भरून दिली होती.

"तुझ्यासमोर मी..." हे म्हणाले आणि थांबले.

"माझ्यासमोर नाही. आता आईंसमोर. आणि मग एसटी स्टँडवर जाऊन पाहुण्यांसमोर. मी नाही सांगणार."

"काय सांगू मी त्यांना?"

"बन्सीला रोज काय सांगता? गायीला दोष देऊ नका, म्हणून? तेच सांगा. फक्त गाय म्हणू नका."

हे खरंच गेले. मला वाटलं नव्हतं. घरात गेले, सासूबाई चुलीपुढं होत्या, त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. मी उंबऱ्यातच थांबले. "आई," हे म्हणाले, "पोर होत नाही ते माझ्यामुळं. मी आत्ता तपासलं. माझ्यात काही नाही. मनकर्णेत काही खोट नाही. पाहुण्यांना मी परत लावून येतो." एवढं एका दमात बोलून, सायकल काढून, हे रस्त्याला लागले.

शेवया करपल्या. मी पुढं होऊन कढई खाली उतरवली. सासूबाई हलल्या नाहीत. त्यांचा उजवा हात मांडीवर उताणा पडला होता आणि त्या त्याकडे बघत होत्या.

म्हणाल्या, "माज्या शेकानं व्हय गं?"

'व्हय' म्हणायला मला काय लागत होतं? एवढासा शब्द, आठ वर्षं जिभेवर बसलेला. जामखेडची ट्रंक दारापाशी होती, धूळ पुसलेली. या बाईनं मला लोकांच्या दारोदार नागवं केलं होतं. पण खरं ते खरं होतं, आणि त्या घरात खोटं पुष्कळ झालं होतं.

"नाही, आत्या. रोगानं. शेक दिला नसता तरी तेच झालं असतं."

त्यांनी मान हलवली. पटलं की नाही देव जाणे. त्या हात पदरानं पुसत राहिल्या, पुसत राहिल्या.

मी गळ्यातले तीन ताईत आणि दंडाचा एक काढून चुलीच्या कडेला ठेवले. मग परात ओढली, पीठ घेतलं आणि दोन भाकरी थापल्या. पिठलं टाकलं. ताट वाढून घेतलं आणि त्यांच्यासमोर बसले.

"आज सोमवार हाय," सासूबाई म्हणाल्या.

"माहीत आहे मला."

मी पहिला घास खाल्ला. भूक अशी लागली होती की आठ वर्षांची एकदम लागली असावी. दुसरा घास, तिसरा. सासूबाई बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, मला कुणाचीच परवानगी नको होती. मग त्यांनी पुढं सरकून दुरडीतली दुसरी भाकरी घेतली, मोडली, आणि माझ्याच ताटातल्या पिठल्याला लावली.

"मीठ कमी हाय," म्हणाल्या.

"वरून घ्या."

त्यांनी घेतलं. आम्ही दोघी खात राहिलो. बाहेर बाबाजान नवाबवर बादलीनं पाणी ओतत होते, त्याचा आवाज येत होता. लांब रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला, थांबला, परत वाजला. सासूबाईंनी दाराकडे बघितलं, मग रिकाम्या दुरडीकडे.

"कानिफला काय ऱ्हायलंच न्हाई."

"राहू देत उपाशी," मी म्हणाले. "एकच तर सोमवार आहे."